मंत्र्यांचा फोन, अधिकाऱ्याची सही: मधली रेघ नक्की कुठे?

दांडियाबझारकर (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. विषय सरकारी आहे, पण आमच्याच घरात घडलाय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

माझी आत्या बडोद्यापासून तासाभरावरच्या एका गावात राहते. गावाचं, कचेरीचं, मंत्र्यांचं, कुणाचंच नाव घेणार नाही, तेव्हा विचारू नका. आतोबांची तिथे रस्त्याला लागून दोन वीघे जमीन आहे. ती बिनखेती (म्हणजे अकृषिक, शेतीबाहेरच्या वापराची) करून घ्यायची म्हणून त्यांनी अर्ज टाकला. चौदा महिने अर्ज जागचा हलला नाही. आतोबा दर पंधरवड्याला जायचे, टेबलाशी उभे राहायचे, "साहेब मीटिंगमां छे" ऐकून परत यायचे. शेवटी आमच्याच नात्यातल्या एकाची लागवग (वशिला) निघाली. आतोबा गांधीनगरला जाऊन आले आणि आठव्या दिवशी हुकूम हातात. पेढे वाटले. मीही दोन खाल्ले, खोटं कशाला सांगू.

हुकूम गुजरातीत आहे. दुसऱ्या परिच्छेदातली एक ओळ जशीच्या तशी देतो: "माननीय मंत्रीश्रीनी मौखिक सूचना अन्वये अरजदारने बिनखेतीनी परवानगी आपवामां आवे छे." म्हणजे मंत्र्यांच्या तोंडी सूचनेवरून परवानगी देण्यात येत आहे. तेव्हा ही ओळ वाचून आतोबांची छाती फुगली होती. त्या पानाची झेरॉक्स लॅमिनेट करून आणली होती त्यांनी.

शेजारच्या खातेदाराचा वांधाअर्ज (हरकतीचा अर्ज) त्याच फायलीत पडून होता. त्याच्या शेतात जायची गाडीवाट आमच्या जमिनीतून जाते, असं त्याचं म्हणणं. त्याला कुणी बोलावलंच नाही. तो अपिलात गेला. माहितीच्या अधिकारात वीस रुपये भरून त्याने फायलीतल्या नोंदी काढल्या, आणि सुनावणीत त्याच्या वकिलाने बाकी काही न बोलता ही एकच ओळ वाचून दाखवली. हुकूम रद्द. प्रकरण फेरनिर्णयासाठी परत खाली. तोवर इकडे आतोबांनी कर्ज काढून कंपाउंडची भिंत घातलेली.

मला पडलेले प्रश्न दोन. मंत्री हा अख्ख्या खात्याचा मालक, मग त्याने आपल्याच खात्यातल्या माणसाला सांगितलं तर बिघडलं काय? आणि जमीन नियमात बसत होती, तर एका ओळीने सगळं पाण्यात कसं जातं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मांडवीचा_मावळा

सेव-उसळ घेऊन बसलोय. येऊ द्या.

कोर्टकचेरी

दादा, तुमच्या आतोबांना पाडणारी ओळ नवी नाही. ती १९४७ साली मुंबईत लिहिली गेली होती.

अंधेरीत गोरधनदास भानजी नावाच्या गृहस्थांना सिनेमाघर बांधायचं होतं. परवानगी देण्याचा अधिकार नियमांनी पोलीस आयुक्तांना दिलेला. आयुक्तांनी जुलै १९४७ मध्ये परवानगी दिली. मग विरोध सुरू झाला, वरून चक्रं फिरली आणि सप्टेंबरमध्ये आयुक्तांच्याच कचेरीतून पत्र आलं: आपली परवानगी रद्द झाल्याचं कळवण्याबाबत मला सरकारचा आदेश आहे, अशा अर्थाचं. पत्र आयुक्तांचं, सही आयुक्तांची, पण निर्णय कुणाचा ते पत्रानेच सांगून टाकलं.

सर्वोच्च न्यायालयात हे १९५१ साली निघालं. निकाल लिहिला न्या. व्हिव्हियन बोस यांनी, म्हणजे आपल्या नागपूरचे. ते म्हणाले, परवाना रद्द करायचा पूर्ण अधिकार नियमाने आयुक्तांना दिलाय. सरकारला दिलेला नाही. त्यामुळे सरकारने रद्द केलेलं रद्द झालेलंच नाही. आयुक्तांनी मागाहून प्रतिज्ञापत्रात 'मी स्वतःच विचार करून ठरवलं होतं' असं सांगण्याचा प्रयत्न केला, तोही चालला नाही. जाहीर हुकूम त्यातल्या शब्दांवरून वाचायचा, लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं हे नंतर सांगून त्याचा अर्थ फिरवायचा नाही.

म्हणून पहिल्या प्रश्नाला उत्तर असं: कायद्यात जिथे 'राज्य सरकार' लिहिलंय तिथे मंत्री ठरवू शकतो. जिथे 'कलेक्टर' किंवा 'आयुक्त' किंवा 'निबंधक' लिहिलंय तिथे त्या हुद्द्यावरच्या माणसानेच डोकं चालवायचं. तो मंत्र्याच्या हाताखाली असला तरी त्या एका कामापुरता कायद्याच्या हाताखाली असतो. बिहारमध्ये ऊस आयुक्तांनी कोणत्या गावांचा ऊस कोणत्या कारखान्याला हे मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून बदललं, तेव्हाही न्यायालयाने हेच म्हटलं. तिथे तर सांगणारे साक्षात मुख्यमंत्री.

दुसरा प्रश्न. १९७७ साली पंजाबातल्या फिरोजपूरच्या निवडणुकीचा वाद न्या. कृष्ण अय्यर यांच्यापुढे होता. त्यांनी गोरधनदासचाच आधार घेऊन लिहिलं की हुकूम म्हणजे जुनी वाइन नव्हे, वय वाढलं म्हणून चव सुधारायला. (दारूबंदीच्या राज्यात बसून हे वाक्य दर वर्षी एकदा तरी वाचावं लागतं, आमचं नशीब.) म्हणजे तुमच्या साहेबांनी आज जबाब दिला की जमीन नियमात बसत होती, तरी त्या कागदावर कारण म्हणून फोन लिहिलाय तो लिहिलाय.

सरळमार्गी_बंडू

कोर्टकाका, निकाल मान्य. पण मला एक सांगा, मग आम्ही मत कशाला देतो?

त्या गावातला माणूस चौदा महिने टेबलाशी उभा होता. तेव्हा हे स्वतंत्र बुद्धीचे वैधानिक अधिकारी कुठे होते? अधिकारी साठीपर्यंत खुर्चीत, मंत्री पाच वर्षांनी दारात. ज्याला लोकांना तोंड दाखवायचंय त्याने फोन केला तर तो हस्तक्षेप, आणि ज्याला कुणालाच तोंड दाखवायचं नाही त्याने फाइल दाबली तर तो विवेकाधिकार? आतोबांनी मंत्र्याकडे जायला नको होतं म्हणणाऱ्यांनी आधी चौदा महिने त्या बाकड्यावर बसून दाखवावं.

मांडवीचा_मावळा

बंडूशेठ +१. बाकड्यावर तरी बसवतात का हो? आमच्याकडे बाकडं पण स्टोअरमध्ये.

निवृत्त_नायब

बत्तीस वर्षं महसुलात काढली, म्हणून लिहितो. कुठे ते सांगत नाही.

पहिली गोष्ट, 'मौखिक सूचना अन्वये' असं हुकमात लिहिणारा कारकून एक तर नवा असणार, नाही तर फार पोचलेला. नवा असेल तर भोळेपणाने लिहिलं. पोचलेला असेल तर मुद्दाम लिहिलं, म्हणजे उद्या चौकशी लागली तर बोट वर दाखवता येईल. माझी खात्री दुसऱ्यावर.

कारण खरा फोन कागदावर कधी येत नाही. आणि फोनवरही कुणी 'करून टाका' म्हणत नाही. म्हणतात "जोई लेजो". दोन शब्द. बघून घ्या. यात काय चूक काढाल? बघायला सांगितलं, आपण बघितलं. पण म्हणणाऱ्याचा स्वर, फोन पीएचा की स्वतः साहेबांचा, वेळ कचेरीची की रात्री साडेनऊची, यावरून आमच्यातला पट्टेवालासुद्धा सांगायचा की काय बघायचंय.

दुसरा प्रकार चिठ्ठीचा. फायलीच्या वरच्या पानाला टाचणीने एक कपटा लावलेला असतो. नाव, गाव, आणि खाली एक इंग्रजी आद्याक्षर. निर्णय झाला, हुकूम निघाला, की कपटा गायब. पण टाचणीची दोन भोकं पानात राहतात. मी नव्या जागी गेलो की जुन्या फायली उजेडासमोर धरून बघायचो. ज्या फाइलीत भोकं जास्त, ती आधी नीट वाचायची. हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

लेखी मागायचा हक्क आहे का? आहे. आयएएस वगैरे अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या वर्तणूक नियमांत स्पष्ट आहे की वरिष्ठाचा आदेश शक्यतो लेखी हवा, तोंडी दिला तर मागाहून लेखी दुजोरा द्यायला हवा. २०१३ साली माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमण्यन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर चालू नये. मंत्र्यांचा असो की कुणाचाही.

मी आयुष्यात एकदाच लेखी मागितलं, त्या निकालाच्या कितीतरी आधी. एका नोंदीबद्दल फोन आला. मी साधं चार ओळींचं पत्र टाकलं: आज दूरध्वनीवर मिळालेल्या सूचनेला लेखी पुष्टी मिळावी, म्हणजे कार्यवाही करता येईल. उत्तर आलं नाही. फोनही थांबले. मला वाटलं जिंकलो. दिवाळीनंतर पाचव्या दिवशी बदली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. हुकमात कारण 'जाहेर हितमां', म्हणजे सार्वजनिक हितासाठी. मुलगी दहावीला होती. बायकोने डबे भरता भरता एवढंच विचारलं, "ती नोंद तुमच्या काकाची होती का?"

आता गंमत बघा. तो बदलीचा हुकूम शंभर टक्के कायदेशीर होता. ज्याला बदलीचा अधिकार त्यानेच काढलेला. कोर्टकचेरी यांनी सांगितलेली रेघ खरी आहे, मी मानतो. फक्त ती रेघ आखणारी पट्टी दुसऱ्याच्या कपाटात असते.

शुभा_कारेलीबाग

नायबकाका, डबे भरतानाचं वाक्य वाचून पोटात कालवलं. वाखूसा (वाचनखूण साठवली).

पुण्याची_सून

माहेर पुणे, सासर बडोदे, त्यामुळे दोन्हीकडचं बघितलंय. एक फरक सांगावासा वाटतो.

महाराष्ट्रात महसूल मंत्री स्वतः सुनावण्या घेतात. जमीन महसूल संहिता १९६६, कलम २५७, राज्य सरकारचे फेरतपासणीचे अधिकार. माझ्या मामांची अशी सुनावणी मंत्रालयात झाली होती. दोन्हीकडचे वकील उभे, समोर मंत्री. गुजरातेत हेच काम सचिव दर्जाचे अधिकारी करतात. तर महाराष्ट्रात मंत्र्याने तहसीलदाराचा हुकूम फिरवला म्हणून कुणी लगेच 'हस्तक्षेप' म्हणत असेल तर थांबून बघावं लागतं. कायद्यानेच त्याला तिथे बसवलंय. पण मग त्याने न्यायाधीशासारखं वागायला हवं: दोघांना बोलवा, ऐका, कारणं लिहा. मामांच्या सुनावणीत समोरची पार्टी मंत्र्यांच्या मतदारसंघातली होती, हे इथे लिहू की नको... लिहिलंच.

याच्या उलट टोकाचं उदाहरण म्हणजे खामगावचं. बुलढाणा जिल्ह्यात सावकारीच्या तक्रारी होत्या, एका आमदारांच्या घरच्यांवर. मुख्यमंत्री कार्यालयातून पोलीस ठाण्यात निरोप गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांना सूचना गेली की या कुटुंबावरची तक्रार थेट नोंदवू नका, आधी जिल्ह्याच्या समितीपुढे ठेवा, सरकारी वकिलाचं मत घ्या. गुन्हा नोंदवणं हे पोलिसांचं काम. तिथे मुख्यमंत्र्यांना कुठल्याही कायद्याने बसवलेलं नाही. २०१० च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला १० लाख रुपयांचा दंड ठोठावला. विदर्भातले शेतकरी सावकारीपायी जीव देताहेत आणि सरकार कुणाच्या बाजूने उभं राहतंय, अशा भाषेत निकालपत्रात सुनावलंय.

मला खटकतं ते इतकंच की १० लाख सरकारने भरले, म्हणजे तुम्ही-आम्हीच.

सरळमार्गी_बंडू

पुण्याच्या वहिनी, हे बरोबर बोललात. माहितीच्या अधिकारात कसं, माहिती अधिकाऱ्याने वेळेत माहिती दिली नाही तर दिवसाला २५० रुपये, २५,००० पर्यंत, त्याच्या पगारातून. तिथे 'वरून सांगितलं होतं' चालत नाही. तसं इथेही करा, मग बघा फोन किती येतात ते.

सुरसागर_७६

बडोद्याचा धागा आणि बडोद्याचंच उदाहरण कुणी काढत नाही म्हणजे काय?

बडोदा डायनामाइट प्रकरण. नवीन पिढीसाठी: आणीबाणीत, १९७६ साली, जॉर्ज फर्नांडिस आणि इतरांवर खटला झाला, आणीबाणीविरोधात स्फोटकं जमवून घातपाताचा कट केला म्हणून. स्फोटकं सापडली ती आपल्या गावात, म्हणून नाव बडोद्याचं. मी तेव्हा युनिव्हर्सिटीत होतो. त्या दिवसांत कमाटीबागेत बाकावर चारजण बसले तरी पाचवा कोण ते आधी बघायचे.

१९७७ ला सरकार बदललं. जॉर्ज तुरुंगातून निवडून आले, मंत्री झाले, आणि खटला सरकारी वकिलाने मागे घेतला. आता तुम्हीच सांगा, केंद्रात मंत्री असलेल्या माणसावरचा खटला सरकारी वकील मागे घेतो, यात 'स्वतंत्र बुद्धी' ती किती? लोक तेव्हाही हसले होते. पण वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९८० च्या निकालात न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी जे लिहिलं ते या धाग्याचंच उत्तर आहे. खटला मागे घ्यायचा अधिकार सरकारी वकिलाचा, दुसऱ्या कुणाचाही नाही. सरकार त्याला सुचवू शकतं. भाग पाडू शकत नाही. आणि त्याने स्वतःची बुद्धी सरकारकडे गहाण टाकायची नाही. शेवटी संमती न्यायालयाची लागते, ती वेगळी.

मजा म्हणजे त्याच निकालात बन्सीलाल यांच्यावरच्या खटल्याचंही प्रकरण होतं. म्हणजे एका हाताला आणीबाणीचा कट्टर विरोधक, दुसऱ्या हाताला आणीबाणीतलाच बडा मंत्री. दोघांचेही खटले मागे घेतलेले, आणि दोन्ही ठिकाणी न्यायालयाने ते मान्य केलं. राजकीय स्वरूपाच्या खटल्यात सरकारचं मत विचारात घेणं गैर नाही, असं धरून.

म्हणून मी म्हणतो, 'सुचवणं' आणि 'भाग पाडणं' यातली रेघ कागदावर सुरेख दिसते. नायबसाहेबांचं "जोई लेजो" तिच्या कुठल्या बाजूला पडतं ते मला पन्नास वर्षांत उमगलेलं नाही.

मांडवीचा_मावळा

काका, अवांतर: कमाटीबागेतला तो पाचवा माणूस शेवटी कोण निघायचा?

सुरसागर_७६

भेळवाला. पण आम्ही त्यालाही संशयाने बघायचो.

कोर्टकचेरी

सुरसागर काका, साष्टांग दंडवत. डायनामाइटचा निकाल माझ्या डोक्यात यायला हवा होता.

बंडूशेठना उत्तर द्यायचं राहिलंय. तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे आणि तो अर्धा महत्त्वाचा आहे. अधिकारी अर्ज दाबून बसला तर मंत्री नक्की विचारू शकतो. गुजरातेत २००३ पासून 'स्वागत' चालू आहे, महिन्याच्या चौथ्या गुरुवारी मुख्यमंत्री पडद्यावर कलेक्टरला विचारतात की अमक्याचा अर्ज का पडून आहे. यात बेकायदा काही नाही. 'चौदा महिने का लागले, पंधरा दिवसांत निकाल द्या' हे सांगता येतं. 'पंधरा दिवसांत हो म्हणा' हे नाही. आतोबांनी मंत्र्यांकडे पहिली मागणी केली असती तर आज तो हुकूम उभा असता. बहुधा त्यांनी तेवढीच केली असेल, आणि मधल्या लोकांनी तिचं दुसरी केली असेल. असं फार वेळा होतं.

शिवाय सरकारला सगळ्यांनाच एकसारखं धोरण सांगता येतं, आणि काही कायद्यांत थेट निर्देश देण्याचीही वाट ठेवलेली असते. रिझर्व्ह बँकेचा १९३४ चा कायदा घ्या. कलम ७ म्हणतं, गव्हर्नरांशी सल्लामसलत करून लोकहितासाठी केंद्र सरकार बँकेला निर्देश देऊ शकतं. म्हणजे वाट आहे, पण समोरच्या दारातून, आधी चर्चा करून. रात्री साडेनऊला नाही.

आणि उलटा प्रकारही असतो, तो नायबसाहेबांना चांगला ठाऊक असेल. मंत्र्याने काही न सांगताच अधिकारी स्वतः चेंडू वर टोलवतो. १९९५ चं आपल्याच गुजरातचं प्रकरण, अनिरुद्धसिंहजी जाडेजा. टाडा (तेव्हाचा दहशतवादविरोधी कायदा) लावायचा तर आधी जिल्हा पोलीस अधीक्षकाची मंजुरी हवी, असं कलम. अधीक्षकांनी स्वतः मंजुरी द्यायची सोडून गृहखात्यालाच पत्र लिहिलं, की आपण परवानगी द्या. वरून परवानगी आली. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, कायद्याने ज्याला विचारलं त्याने उत्तरच दिलं नाही, वरच्याने दिलं. वरचा कितीही मोठा असो, चालणार नाही. टाडाची कार्यवाही तिथेच कोसळली.

बरं, हे फक्त मंत्र्यांपुरतं आहे का? माझ्या सर्वांत आवडीचा निकाल पुढे आहे. मनसुखलाल चौहान विरुद्ध गुजरात राज्य, १९९७. सरकारी नोकरावर लाचेचा खटला भरायला मंजुरी लागते. ती देण्या न देण्याचा अधिकार सचिवाचा. तो काही ठरवत नव्हता, तेव्हा गुजरात उच्च न्यायालयानेच त्याला आदेश दिला की मंजुरी द्या. त्याने दिली. माणसाला शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. का? तर मंजुरी द्यायची की नाही हे ठरवायला सचिवाला जागाच उरली नव्हती, नाही म्हटलं असतं तर न्यायालयाचा अवमान झाला असता. उच्च न्यायालयाने 'लवकर ठरवा' म्हणायला हवं होतं, 'द्या' नाही. जिथे उच्च न्यायालयाचा आदेशही चालला नाही, तिथे मंत्र्याच्या पीएचा फोन तो काय!

निवृत्त_नायब

जाडेजा प्रकरणासारखं आम्ही रोज करायचो, कबूल करतो. त्याला कचेरीत 'मार्गदर्शन मागवणं' म्हणतात. अवघड फाइल आली की 'वरिष्ठांचं मार्गदर्शन मळवा (मिळण्याची) विनंती' असं लिहून वर पाठवायची. दोन महिने तरी सुटका. मार्गदर्शन आलं की त्याप्रमाणे हुकूम काढायचा, वर लिहायचं 'वंचाणे लीधुं' (म्हणजे वाचलेले संदर्भ), आणि वरचं पत्र क्रमांक एकवर टाकायचं. स्वतःचं डोकं वाचलं. हे चुकीचं आहे हे मला निवृत्तीनंतर या धाग्यावर कळतंय, हसा हवं तर.

पुण्याची_सून

हसत नाही काका. पण मग सल्ला घ्यायचाच नाही का कुणाचा? नवा अधिकारी, अवघड कायदा, विचारणार कुणाला?

कोर्टकचेरी

वहिनी, घ्यायचा की. गोरधनदास प्रकरणात हीच मेख आहे आणि लोक ती विसरतात. आयुक्तांनी आधी दिलेली परवानगीही सल्लागार समितीच्या शिफारशीवर दिली होती. तिच्यावरही आक्षेप निघाला की मग तीसुद्धा त्यांची स्वतःची नाही. न्यायालयाने तो मानला नाही. समितीचा सल्ला ऐकून आयुक्तांनी तो स्वतःचा केला, म्हणून परवानगी खरी. सरकारचा हुकूम त्यांनी फक्त पुढे पोचवला, म्हणून रद्द करणं खोटं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. फरक पडतो तो 'मला असं वाटतं, कारण' हे शब्द कागदावर आहेत की नाहीत याने.

आणि दादा, तुमच्यासाठी: गोरधनदासना न्यायालयाने सिनेमाघर दिलं नाही. आयुक्तांनाच सांगितलं की आता तुम्ही स्वतः सगळं तपासा आणि ठरवा. तुमच्या आतोबांचंही तेच झालंय. ते हरलेले नाहीत, त्यांचा अर्ज अजून कुणी वाचलेलाच नाही असं समजा. फेरसुनावणीत गाडीवाटेचा नकाशा स्वतःच काढून द्या, शेजाऱ्याला वाट सोडायची तयारी असेल तर तसं लिहून द्या. आणि कृपा करून या वेळी गांधीनगरला जाऊ नका.

दांडियाबझारकर (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. नायबकाका, तुमचा प्रतिसाद आतोबांना वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपल्या फायलीला भोकं किती होती कुणास ठाऊक."

ताजी खबर देतो. मागच्या मंगळवारी फेरसुनावणी होती. आतोबांच्या गुडघ्याचं दुखणं वाढलंय, म्हणून मी आणि आत्या गेलो. शेजारी आला होता. बाहेर बाकड्यावर (हो, बाकडं होतं) आत्याने त्याला डब्यातली बाकरवडी दिली, त्याने घेतली. गाडीवाट दहा फुटांची की बारा, एवढाच वाद उरलाय असं दिसतंय. साहेब नवीन आहेत, तरुण आहेत. दोघांचं ऐकलं, स्वतः नकाशावर पट्टी ठेवून मोजलं आणि जागेची पाहणी करायला तारीख दिली.

निघताना टेबलावरच्या भाईंनी आत्याकडे बघून हळूच विचारलं, "बेन, कोई ओळखाण छे?"

आत्याने पर्स उघडली आणि आधार कार्ड काढून त्यांच्यापुढे ठेवलं.